'फोम' एक, पदार्थ अनेक : बंद पेशींच्या प्लास्टिकमधील फरक का महत्त्वाचा?

जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानातील इझमिर शहरात पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घालून १,२६३ बनावट जीवरक्षक जाकिटे जप्त केली. एजियन समुद्र ओलांडून ग्रीसकडे निघालेल्या निर्वासितांसाठी ती तयार केली जात होती. बाहेरून ती अस्सल जाकिटांसारखीच होती. आत मात्र माणसाला तरंगत ठेवणाऱ्या फोमऐवजी वेष्टनासाठी वापरला जाणारा, पाणी शोषून घेणारा माल भरलेला होता. समुद्रावरील सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जीवरक्षक जाकीट गोड्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवल्यानंतरही त्याची तरंगक्षमता पाच टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. ही अट पूर्ण होते की नाही, हे जाकिटाच्या रंगावर किंवा पट्ट्यांवर नव्हे, तर आतल्या फोमच्या जातीवर ठरते.

आपल्याकडे बाजारात 'फोम' हा एकच शब्द चालतो, पदार्थ मात्र डझनभर आहेत. आंब्याला वा सफरचंदाला घातलेली पांढरी जाळी, फ्रिजच्या दोन आवरणांमधील पिवळसर थर, हेल्मेटच्या आतले कवच, पायातली चप्पल, योगासनांची चटई, दुकानावरची पाटी, शीतगृहाची भिंत आणि दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातले कोपरे या सर्वांत प्लास्टिकचा फेसच असतो. हा फेस बहुतांशी 'बंद पेशींचा' असतो. तरीही यातील एकाच्या जागी दुसरा वापरला, तर कधी केवळ पैसे वाया जातात आणि कधी माणसे दगावतात.

सर्व फोमची मूळ कृती सारखीच आहे. प्लास्टिक द्रव किंवा मऊ अवस्थेत असताना त्यात वायूचे बुडबुडे निर्माण करायचे आणि ते विरून जाण्याआधी प्लास्टिक घट्ट होऊ द्यायचे. या बुडबुड्यांनाच पेशी म्हणतात. बुडबुड्यांच्या भिंती फुटून ते एकमेकांना जोडले गेले की उघड्या पेशींचा फोम तयार होतो. गादी, सोफा आणि भांडी घासण्याचा स्पंज या जातीचे. चहात बुडवलेल्या पावासारखा तो पाणी पितो. बंद पेशींच्या फोममध्ये प्रत्येक बुडबुडा चहूबाजूंनी मिटलेला असतो. आतला वायू कोंडलेला राहतो आणि पाण्याला आत शिरण्यासाठी सरळ वाट मिळत नाही. त्यामुळे असा फोम तरंगतो आणि उष्णतेलाही अडवतो.

बहुतेक विक्रेते एवढे सांगून थांबतात. पेशी बंद आहेत हे कळल्यावर आणखी तीन गोष्टी विचारायला हव्यात : पेशीची भिंत कोणत्या प्लास्टिकची आहे, आत कोणता वायू आहे आणि या पेशी एकमेकींना जोडल्या कशा आहेत?

यातील तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व सर्वाधिक स्पष्टपणे दिसते ते थर्मोकोलमध्ये. थर्मोकोल हे भारतात पदार्थाचेच नाव होऊन बसले असले तरी मुळात ते व्यापारी नाव आहे. पदार्थाचे नाव एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन, म्हणजेच ईपीएस. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी तो विकसित केला. साखरेच्या दाण्याएवढ्या पॉलिस्टायरीनच्या मण्यांत पेन्टेन हा सहज वायुरूप होणारा द्रव मुरवलेला असतो. वाफ लागली की हे मणी लाहीसारखे फुलतात. फुललेले मणी साच्यात भरून त्यांना पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटतात. तयार झालेल्या वस्तूत घनफळाच्या सुमारे ९८ टक्के भाग हवेचा असतो.

थर्मोकोलचा तुकडा म्हणजे चुरमुऱ्यांचा लाडूच म्हणायचा. प्रत्येक दाणा आतून बंद आहे, पण दाण्या-दाण्यांमध्ये सूक्ष्म फटी राहतात. पाणी शिरते ते या फटींतून. चांगल्या प्रतीच्या, नीट चिकटलेल्या थर्मोकोलमध्ये हे प्रमाण कमी असते. घाईत किंवा कमी वाफेवर बनवलेला माल मात्र हाताने मोडला तर दाणे सुटे होऊन सांडतात. दीर्घकाळ पाण्यात राहिलेले थर्मोकोल घनफळाच्या दोन ते चार टक्के पाणी धरू शकते.

पॉलिस्टायरीनचाच दुसरा प्रकार एक्सपीएस, अर्थात एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन. यात मणी नसतातच. वितळलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये दाबाखाली वायू मिसळून ते मिश्रण एका फटीतून सलग बाहेर ढकलले जाते. दाब कमी होताच ते फुलते आणि एकसंध पाटी तयार होते. या पद्धतीचा पाया १९३०च्या दशकात स्वीडिश संशोधक कार्ल मुंटर्स यांनी घातला. १९४०च्या दशकात अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीत रे मॅकिन्टायर यांच्या कामातून तिला व्यापारी रूप आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच अमेरिकी तटरक्षक दलाने हा फोम जीवरक्षक तराफ्यासाठी वापरला. 'स्टायरोफोम' हे त्याचेच व्यापारी नाव आहे. गंमत अशी की अमेरिकेत ज्या पांढऱ्या कॉफीच्या पेल्याला लोक स्टायरोफोम म्हणतात, तो प्रत्यक्षात मण्यांपासून बनवलेला, म्हणजे आपल्या थर्मोकोलचा असतो. नावांचा घोटाळा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

एक्सपीएसमध्ये दाण्यांमधल्या फटी नसल्याने ते दीर्घकाळ बुडवून ठेवले तरी सहसा घनफळाच्या एक टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. त्याची दाब सहन करण्याची क्षमताही बरीच अधिक असते. त्यामुळे गच्चीवर जलरोधक थराच्या वर, जमिनीखालच्या भिंतींना बाहेरून, किंवा मालवाहू गाड्या फिरतात त्या शीतगृहाच्या फरशीखाली एक्सपीएस वापरणे योग्य ठरते. याच ठिकाणी स्वस्त पडते म्हणून हलके थर्मोकोल घातले, तर काही पावसाळ्यांनंतर ते ओले होते. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक असते. म्हणजे ओल्या थराने उष्णता अडवण्याचे काम जवळपास सोडून दिलेले असते आणि वीजबिल मात्र वाढत राहते. कोरड्या भिंतीत किंवा खोक्यात थर्मोकोलला काहीच कमी लेखण्याचे कारण नाही. तेथे त्याच्या किमतीत त्याला तोड नाही.

आता वायूचा प्रश्न. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. थर्मोकोलमधील पेन्टेन काही आठवड्यांत निघून जातो आणि त्याची जागा हवा घेते. त्यामुळे थर्मोकोलचा आकडा हवेपेक्षा खाली जाऊ शकत नाही. तो साधारण ०.०३३ ते ०.०३८ असतो. कठीण पॉलियुरेथेन फोम, ज्याला शीतगृहांच्या धंद्यात 'पफ' म्हणतात, तो मात्र नव्या अवस्थेत ०.०२० ते ०.०२५ पर्यंत उतरतो. म्हणजे कोंडलेल्या हवेपेक्षाही तो चांगला रोधक आहे. हे शक्य होते ते त्याच्या पेशींत हवेऐवजी उष्णता कमी वाहून नेणारा जड वायू कोंडलेला असतो म्हणून. ढोबळमानाने १०० मिलिमीटर थर्मोकोलचे काम ६० ते ६५ मिलिमीटर पफ करतो. फ्रिजच्या भिंती पूर्वीच्या मानाने पातळ झाल्या, याचे एक मोठे कारण हे आहे.

पॉलियुरेथेनची रसायनक्रिया ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधली. दोन द्रव एकत्र येताच ते तापतात, फुगतात आणि घट्ट होतात. एकदा घट्ट झालेले हे प्लास्टिक तापवून पुन्हा वितळत नाही. गादीचा मऊ फोमही पॉलियुरेथेनचाच असतो, परंतु त्याच्या पेशी उघड्या असतात. रासायनिक कुळ एक असूनही एक पाणी पितो आणि दुसऱ्याच्या ९० टक्क्यांहून अधिक पेशी बंद असतात. म्हणून केवळ 'पीयू फोम' एवढे नाव सांगून काहीच स्पष्ट होत नाही.

पेशीत कोंडलेला हा वायू कायमचा आतच राहतो असेही नाही. प्लास्टिकच्या पातळ भिंतींतून तो वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपतो आणि हवा आत येते. परिणामी पफची रोधनक्षमता वयाबरोबर घटते. दोन्ही बाजूंना धातूचा पत्रा असलेल्या पॅनेलमध्ये ही गळती फार मंद असते, तर उघड्या कापलेल्या पाटीत ती वेगाने होते. पाण्याच्या वाफेचेही तसेच. शीतगृहाच्या बाहेर दमट, उष्ण हवा आणि आत उणे तापमान असेल, तर वाफ सतत आतल्या दिशेने ढकलली जाते आणि बंद पेशींतही कालांतराने पाणी वा बर्फ साठतो. म्हणून उबदार बाजूला वाफ रोखणारा थर आणि पॅनेलच्या सांध्यांची नीट केलेली सीलबंदी अत्यावश्यक असते. किनारपट्टीवरच्या दमट हवेत तर फोमच्या जाडीइतकेच सांध्यांना महत्त्व आहे. या कामात काटकसर करणारे ठेकेदार अनेक असतात, कारण सांधा झाकला गेला की तो कोणालाच दिसत नाही.

याच वायूने एकेकाळी जगाचे मोठे नुकसान केले. अनेक दशके कठीण पॉलियुरेथेनमध्ये सीएफसी-११ हा वायू वापरला जात असे. रोधक म्हणून तो उत्कृष्ट होता, परंतु वातावरणातील ओझोन थराचा तो शत्रू ठरला. १९८७च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. तरीही २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना वातावरणात त्याचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे आढळले. माग काढत गेल्यावर पूर्व चीनमधील उत्सर्जन आणि फोमनिर्मितीतील बेकायदा वापर यांकडे बोट दाखवले गेले. सीएफसीच्या जागी आलेला एचसीएफसी-१४१बी हा वायूही ओझोनला काही प्रमाणात मारकच होता. भारताने १ जानेवारी २०२०पासून त्याचा वापर पूर्णपणे थांबवला. आज फ्रिज आणि पॅनेलच्या मोठ्या कारखान्यांत प्रामुख्याने सायक्लोपेन्टेन वापरला जातो. तो ओझोनला धक्का लावत नाही, मात्र ज्वालाग्राही आहे. त्यामुळे कारखान्यात वेगळी सुरक्षाव्यवस्था लागते. ती लहान उत्पादकांना महाग पडते.

मऊ फोमचे जग निराळे आहे. फळांच्या जाळ्या आणि खोक्यांतील गुंडाळण्याचे पातळ पांढरे पत्रे ईपीईचे, म्हणजे फुगवलेल्या पॉलिथिलीनचे असतात. हाताला ते मेणचट लागतात आणि बुडबुडे डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतात. तेच पॉलिथिलीन रासायनिक वा किरणोत्सारी प्रक्रियेने आडवे-उभे सांधले की एक्सएलपीई तयार होते. त्याचे बुडबुडे बारीक, पृष्ठभाग मखमली आणि उष्णतासहनशक्ती अधिक असते. वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांवरील आवरणे आणि चांगल्या चटया याच्या असतात. चपलांचे तळवे, हस्तकलेचे रंगीत पत्रे आणि बुटांचा मधला थर ईव्हीएचा असतो. तो रबरासारखा लवचिक असतो, मात्र उष्णतेला दाद देतो. उन्हात बंद गाडीत राहिलेली ईव्हीएची चप्पल आकसलेली अनेकांनी पाहिली असेल. रोजच्या चालण्याच्या दाबाने ईव्हीएच्या पेशींतला वायू हळूहळू निघून जातो. बूट वरून धडधाकट असूनही तळवा 'बसतो', तो यामुळे.

दाबल्यावर परत उठणे हा गुण नेहमीच चांगला मानला जातो. हेल्मेटच्या बाबतीत मात्र उलटे आहे. दुचाकीच्या हेल्मेटमधील थर सामान्यतः थर्मोकोलच्याच जातीचा, परंतु अधिक घनतेचा असतो. आदळल्यावर त्याच्या पेशी कायमच्या चिरडल्या जातात आणि त्या चिरडण्यातच आघाताची ऊर्जा खर्ची पडते. जागच्या जागी परत उसळणारा मऊ फोम ती ऊर्जा डोक्याला परत देईल. अर्थात, एकदा चिरडलेला थर दुसऱ्या आघाताला उपयोगाचा राहत नाही. बाहेरच्या कवचाला तडा गेलेला नसला तरी अपघातात सापडलेले हेल्मेट बदलावे, असे सांगितले जाते ते या कारणाने. देशात १ जून २०२१पासून आयएस ४१५१ या मानकानुसार प्रमाणित हेल्मेटच विकणे बंधनकारक आहे. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त हेल्मेटमध्ये अनेकदा हा थर नावापुरता असतो किंवा त्याऐवजी गादीचाच फोम चिकटवलेला असतो.

गणेशोत्सवाच्या मखरांच्या निमित्ताने महाराष्ट्राला फोमच्या प्रकारांची ओळख वेगळ्या वाटेने झाली. २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने राज्याने थर्मोकोलच्या सजावटीवर आणि ताट-वाट्यांवर बंदी घातली. केंद्र सरकारच्या नियमांनी १ जुलै २०२२पासून सजावटीसाठीच्या थर्मोकोलला देशभर मनाई केली. त्यानंतर पुठ्ठा, कापड आणि बांबूच्या मखरांबरोबर सनबोर्डची आणि फोमशीटची मखरेही बाजारात आली. सनबोर्ड हा सामान्यतः फुगवलेल्या पीव्हीसीचा असतो, तर रंगीत फोमशीट ईव्हीएची. दोन्ही प्लास्टिकच. सनबोर्ड मजबूत असल्याने तेच मखर काही वर्षे वापरता येते, हा त्याचा लाभ मान्य करायला हवा. परंतु तो टाकून दिला तर थर्मोकोलपेक्षा त्याची विल्हेवाट सोपी नाही. पीव्हीसीत क्लोरीन असते आणि ते जाळणे घातक आहे. आडवे-उभे सांधलेले ईव्हीए पुन्हा वितळत नाही. उलट थर्मोकोल वितळवून पुन्हा वापरता येते. अडचण एवढीच, की ट्रकभर थर्मोकोल वाहून नेले तरी त्यात मुख्यत्वे हवाच असते आणि वाहतुकीचा खर्च निघत नाही. नाव बदलल्याने प्लास्टिक संपत नाही, हे येथे सरळ दिसते.

सर्वांत गंभीर फरक आहे तो आगीसमोर. पॉलिस्टायरीन, पॉलिथिलीन आणि ईव्हीए उष्णतेने वितळतात, आकसतात आणि पेटल्यावर जळते थेंब खाली टाकतात. पॉलियुरेथेन वितळत नाही. तो वेगाने पेटतो आणि त्यात नायट्रोजन असल्याने कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही निघतो. त्याच कुळातील पीआयआर फोमच्या रचनेत अधिक स्थिर साखळ्या असतात. ज्वाळा लागल्यावर त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो आणि आतला भाग काही काळ वाचतो. फिनॉलिक फोम याहून सावकाश पेटतो आणि धूर कमी देतो, मात्र तो ठिसूळ असतो. यातील एकही अज्वालाग्राही नाही. 'आगरोधक फोम' हा शब्दप्रयोग विक्रीपत्रकात सर्रास दिसतो. त्याचा खरा अर्थ 'सहज न पेटणारा' एवढाच घ्यावा.

जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी वेल्डिंगच्या ठिणग्यांनी छताच्या पोकळीतील पॉलिस्टायरीन पेटले आणि १७ जणांचा मृत्यू झाला. दक्षिण कोरियातील इचॉन येथे जानेवारी २००८ मध्ये शीतगृहाला लागलेल्या आगीत ४० आणि एप्रिल २०२० मध्ये त्याच शहरातील बांधकामाधीन गोदामात ३८ कामगार मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी युरेथेन फोमचा संबंध होता. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ बळी गेले. तेथे आग पसरवण्यास मुख्यतः पॉलिथिलीनचा गाभा असलेले बाह्य पत्रे कारणीभूत ठरले, परंतु त्यांच्यामागे बंद पेशींच्या फोमच्या पाट्याही होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशीच्या अंतिम अहवालाने अग्निचाचण्यांबाबत उत्पादकांनी बाजाराची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला.

फोमचे काम सुरू असताना वेल्डिंग, कटिंग किंवा बिटुमेन तापवण्याचे काम शेजारी चालू ठेवणे हा या आगींपैकी अनेकींचा समान दुवा आहे. आपल्याकडे शीतगृहांची आणि गोदामांची बांधकामे झपाट्याने वाढत असताना याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पफ उघडा ठेवू नये, पत्रा वा प्लास्टरने पूर्ण झाकावा आणि दुरुस्तीच्या वेळी कापलेली कड लगेच बंद करावी, हे साधे नियमही अनेकदा पाळले जात नाहीत. ज्वालारोधक रसायनांचाही एक पेच आहे. पॉलिस्टायरीनमध्ये दीर्घकाळ वापरले गेलेले एचबीसीडी हे रसायन पर्यावरणात टिकून राहते आणि प्राण्यांच्या शरीरात साठते. २०१३ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि भारतानेही २०२० मध्ये त्यावरील बंदीला मान्यता दिली. जुन्या इमारती पाडताना निघणाऱ्या पाट्यांत मात्र ते अजूनही असू शकते.

हाती आलेला फोम कोणता, हे ओळखणे अगदीच अवघड नाही. तुकडा मोडल्यावर गोल दाणे दिसले तर ते थर्मोकोल. सलग, बारीक, टणक पोत असेल आणि नखाने दाबल्यावर खूण राहत असेल तर एक्सपीएस. त्याचा निळा, गुलाबी वा हिरवा रंग हा केवळ उत्पादकाच्या पसंतीचा असतो, गुणाचा निदर्शक नव्हे. पिवळसर, चोळल्यावर भुकटी होणारा फोम बहुधा पफ किंवा पीआयआर असतो. या दोहोंतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी प्रमाणपत्रच पाहावे लागते. जाळून पाहण्याची चाचणी घरी वा गोदामात कधीही करू नये. पाण्याची चाचणी मात्र कोणालाही करता येते. तुकड्याचे वजन करावे, वजनाखाली दाबून तो २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा, बाहेरून पुसून पुन्हा वजन करावे. वजन लक्षणीय वाढले तर तो माल ओल्या जागेसाठी घेऊ नये. द्रावक असलेला गोंद किंवा पेट्रोल लागताच पॉलिस्टायरीन विरघळते, पॉलिथिलीनला काही होत नाही. चिकटवताना ही गोष्ट न पाहिल्याने गच्चीवरील पाट्यांमध्ये खड्डे पडल्याची उदाहरणे आढळतात.

खरेदीच्या वेळी विचारायची गोष्ट म्हणजे घनता. एकाच जाडीची थर्मोकोलची पाटी घनमीटरला १५ किलोची असू शकते आणि ३० किलोचीही. दिसायला दोन्ही सारख्याच, किंमत आणि बळ यांत मात्र मोठे अंतर. भारतीय मानक ब्युरोची थर्मोकोलसाठी आयएस ४६७१, पॉलियुरेथेन व पीआयआरसाठी आयएस १२४३६ आणि फिनॉलिक फोमसाठी आयएस १३२०४ ही मानके आहेत. मागणीपत्रात केवळ '५० एमएम फोम' असे न लिहिता फोमची जात, घनता, मानकाचा क्रमांक आणि अग्निचाचणीचा वर्ग ही चार गोष्टी लिहिल्या, तर आलेला माल तराजूवर टाकून तपासता येतो. पाटीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून घनफळ काढावे आणि वजनाला त्याने भागावे. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाडीची २० किलो घनतेची पाटी अर्धा किलो भरायला हवी. ती साडेतीनशे ग्रॅमच भरली, तर पुरवठादाराने १४ किलो घनतेचा माल पाठवलेला आहे.